पिंजाऱ्यांची फुंकर

आमच्या विष्णुपुरीच्या कॉलेजसमोर एक पिंजारी बसायचे. लातूरच्या क्लासेसच्या होस्टेलांसाठी ते गाद्या भरायचे, एक पाय लांब पसरून. त्र्याण्णवच्या भूकंपात मोडलेलं त्या पायाचं हाड वाकडंच जुळलं होतं. मी रोज पाहायचे, बोलायचे नाही.

मोडलेलं हाड भरून यावं म्हणून मी अतिसूक्ष्म तंतूंची जाळी बनवत होते. पेशी आत शिरतच नव्हत्या आणि महिनाअखेर सरांना निकाल दाखवायचा होता. तंतूंची जाण त्यांना असणार, म्हणून शेवटी धीर करून, "यात काही शिरतच नाही," म्हणत मी एक तुकडा पिंजाऱ्यांपुढे धरला. त्यांनी त्यामागे कापसाचा पुंजका धरला आणि फुंकर मारली. पुंजका हललाच नाही.

"बेटा, लई दाबून भरलंस. हवाच जाईना, तर आत राहील कोण?"

मजबुतीच्या नादात मी तंतू दाट करत गेले होते. ते विरळ केले, आणि महिनाअखेर पेशी आतपर्यंत दिसल्या. मी धावतच सांगायला गेले. जाळी कशासाठी, तेही तेव्हाच सांगितलं.

पिंजारी नडगी चोळत हसले. "हाडासाठी? मग तवाच का न्हाई आणलीस?"

"तेव्हा मी जन्मलेही नव्हते, चाचा."

"मग आता उभी काय राहिलीस? लाग कामाला," म्हणत त्यांनी कापूस पिंजायची धनुकली उचलली.