रविवारच्या शाळा

मुलीसाठी शाळा शोधायला निघा. शाळा मिळो न मिळो, किस्से पिशवी भरून मिळतात!

मेलबर्नला मी शिक्षणशास्त्रात एम.ए. केलं. भोपाळला परत जाऊन पाच वर्षांच्या रेवासाठी आदर्श शाळा निवडायची, असं मनाशी पक्कं होतं. मला वाटलं होतं, शिक्षकांशी कुतूहलावर, खेळावर गप्पा होतील. प्रत्यक्षात शाळा निवडायला आमच्या तुलसी नगरात एक कमिटीच बसली होती. बाबा, आई आणि शेजारचे देशकर काका. त्यात तिकडेच थांबलेल्या नवऱ्याची अट अशी, की जूनपर्यंत मनासारखी शाळा मिळाली नाही, तर सरळ परत मेलबर्नला!

*

पहिली पाहणी बाबांनी मी तिकडे असतानाच केली. बाबा पीडब्ल्यूडीतून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेत. व्हिडिओ कॉलवर एका इंटरनॅशनल स्कूलच्या गच्चीवरून म्हणाले, "मनू, फर्स्ट क्लास शाळा! ढाळ बरोबर दिलाय. पाणी तुंबणार नाही."

"बाबा, शिकवतात कसं?"

"आज रविवार आहे गं. मी रविवारीच जातो. इमारत शांतपणे बघता येते."

*

मी आल्यावर कळलं, शाळांच्या 'कॅम्पस टूर'सुद्धा रविवारीच असतात. मग काय, दर रविवारी रेवाला नवा फ्रॉक घालून आमची वरात निघायची.

एका शाळेत निळ्या टाइल्सचा भलामोठा स्विमिंग पूल होता. आत थेंबभर पाणी नाही.

"उद्घाटन बाकी है मॅम," टूर देणारे सर म्हणाले, "मंत्रीजी का टाइम नहीं मिल रहा."

"कब से?"

"जिन बच्चों के लिए बना था, वो तो कॉलेज चले गए!"

*

हबीबगंजच्या पलीकडच्या शाळेत पालकांना नाश्ता होता. पास्ता. आईने एक घास खाल्ला आणि तडक किचनमध्ये गेली. आम्ही लायब्ररी, रोबोटिक्स लॅब, सगळं बघून आलो, तरी आई आतच. शेवटी बाहेर आली ती हात पुसत.

"काय करत होतीस?"

"फोडणी दिली. आता खा."

खरं सांगते, सगळ्या टूरमध्ये लोकांनी फक्त त्या पास्त्याचं कौतुक केलं!

*

देशकर काका मंत्रालयातून निवृत्त. त्यांच्या मते ओळखीशिवाय अ‍ॅडमिशन होतच नाही. एका शाळेतल्या काउन्सेलर मुलीला त्यांनी बसल्या बसल्या विचारलं, "बेटा, कहाँ की हो?" ती बैतूलची निघाली. तिचे मामा काकांच्याच सेक्शनला होते! तासभर गप्पा, दोनदा चहा.

गाडीत मी विचारलं, "काका, शाळेचं काय कळलं?"

"मुलगी फार गुणी आहे गं. लग्न जमत नाहीये. तुझ्या बघण्यात कोणी आहे?"

*

मला मात्र बिनभिंतींची शाळा आवडली. खुले वर्ग, मधोमध कडुनिंब. मी प्रिन्सिपल मॅडमना बालकेंद्री शिक्षणावर इतकं ऐकवलं, की त्या म्हणाल्या, "आप हमारे यहाँ जॉइन क्यों नहीं कर लेतीं?" रेवा तोवर माझी ओढणी ओढत होती. मी म्हटलं, "थांब गं, मोठी माणसं बोलतायत ना!"

*

त्याच रविवारी संध्याकाळी घरी कमिटीची अखेरची बैठक झाली.

"गच्चीवाली," बाबा.

"पास्तावाली. स्वयंपाकी शिकणारा आहे," आई.

"बैतूलवाली," काका. "अपनी बच्ची है वहाँ."

"कडुनिंबवाली!" मी ओरडले. "मुलांना समजून घेणारी तेवढी एकच आहे!"

आवाज इतके चढले, की वरच्या मजल्यावरून कोणीतरी डोकावून गेलं. नवऱ्याचा फोन वाजत होता, तो कोणी उचलेना. शेवटी बाबांनी रेवाला मांडीवर घेतलं.

"तू सांग बेटा. तुला कुठली आवडली?"

रेवाने आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"आबा, मुलं असलेली शाळा नाही का मिळणार आपल्याला?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरात जाहीर केलं: आजपासून एकाही शाळेच्या टूरला जायचं नाही. रेवाला घेऊन शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभं राहायचं, आणि बाहेर येणारी मुलं बघायची.

दुपारी निघायला बाहेर आले, तर बाबा बूट घालून तयार!

"मीही येतो," ते म्हणाले. "भरल्या इमारतीवर लोड कसा येतो, ते बघायचं राहूनच गेलं."