हळदीसकट किती लग्नं?

नांदेडच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी मोठी हार्ड डिस्क घ्यायला गेलो, तेव्हा तो आधीच काउंटरवर कोपरं टेकून उभा होता. अर्धापूरकडचा, लग्नांचे व्हिडिओ काढणारा. दुकानदार टीबीत बोलत होता, हा लग्नांत.

"हळदीसकट किती लग्नं बसतेत ते सांगा ना, शेठ."

"चार टीबीची आहे. साठेक बसतील."

"ड्रोनवाली धरून का?"

बोलता बोलता तो डिस्क तळहातावर तोलून बघत होता, केळ्यांची फणी तोलावी तशी. भाव काही उतरेना, तेव्हा त्यानं सरळ माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे आमचे भाऊच हायेत. दोघं मिळून दोन घेऊन राहिलो. आता बोला." ओळख ना पाळख, पण मीही गंभीर चेहऱ्यानं मान हलवली. भाव चांगलाच उतरला.

बिल करताना दुकानदार कुरकुरला, "जुनी लग्नं उडवा की, जागा होईल. त्यातली निम्मी तर आता भांडत असतील."

त्यानं डिस्क छातीशी धरली. "भांडणाऱ्यांचीच तर लई जपून ठेवतो. उडवून टाका म्हणून तेच येतेत, अन् समेट झाला की पेढे घेऊन व्हिडिओ मागायलाबी तेच येतेत."

मी मनसोक्त हसलो. मग घरी येऊन नव्या डिस्कवर सगळ्यात आधी आमच्या लग्नाचा व्हिडिओ टाकला. बायको तेव्हा रुसून मुरुडला माहेरी जाऊन बसली होती.