टेपला गठ्ठा हवा असतो

पत्रक कसं वाटायचं हे बाबांनी मला नांदेडच्या बसस्थानकासमोर शिकवलं. मी तेव्हा सातवीत होते. गठ्ठा डाव्या हातावर, एक पत्रक उजव्या हातात, आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून द्यायचं. गठ्ठा कुठंही टेकवायचा नाही, पानपट्टीवर नाही की हॉटेलच्या टेबलावर नाही. टेकवलेला गठ्ठा दुपारपर्यंत भज्यांखाली जातो. "एक माणूस, एक कागद," बाबा म्हणायचे. "त्याच्या हातात पडलं का बघ, मगच पुढचं काढ." बाबा पत्रकं लिहायचे, छापून आणायचे आणि स्वतः वाटायचे. पुस्तकं आमच्या घरात फार उशिरा आली. मी अक्षरं लावायला शिकले ती पत्रकांवरच, त्यामुळे बाराखडीच्या आधी मला उद्गारचिन्ह ओळखता यायचं.

आता मी लातूरला एका छोट्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात काम करते आणि सुट्टीच्या दिवशी नांदेडला येते. नांदेडला आमच्या वस्तीनं चालवलेलं दोन खोल्यांचं वाचनालय आहे. तिथं आम्ही जुनी पत्रकं स्कॅन करून ठेवतो. सभा, मोर्चे, हुंडा, रोजगार हमी, पाण्याचे टँकर, कुठल्या तरी गावात बंद केलेला रस्ता. ज्या गोष्टी वर्तमानपत्रात चार ओळींत आल्या किंवा आल्याच नाहीत, त्या या कागदांवर आहेत. कागद मात्र सगळ्यात हलका वापरलेला. घडीवर हात लावला की तुकडा हातात येतो.

मागच्या वर्षी तिथं मामा आले; नात्यातले नव्हेत, सगळेच त्यांना मामा म्हणतात. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, मूळचे हदगावचे. कधी हदगावच्या गाडीवर, कधी चाकूर, उदगीर. स्टँडवर ज्यानं ज्यानं त्यांच्या हातात पत्रक दिलं, ते त्यांनी नोकरीभर जपून ठेवलं आणि प्रत्येकाच्या पाठीवर गाव आणि दिवस लिहिला. लोखंडाच्या चार पेट्या भरल्या होत्या. त्याच महिन्याच्या शेवटी ते मुलीकडे हैदराबादला कायमचे राहायला जाणार होते. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात पेट्यांना जागा नव्हती.

"जय भीम मामा, सगळ्या पेट्या आमच्याकडे द्या," मी म्हणाले.

"जय भीम. एक आणलीय. ती माझ्यासमोर स्कॅन करा. बाकीच्यांचं मग बघू."

त्यांचा विश्वास नव्हता, आणि त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी अभ्यास करणाऱ्या एका माणसानं त्यांच्याकडून पिशवीभर पत्रकं नेली होती. सगळं कम्प्युटरमध्ये आहे, काळजी करू नका, असं तो म्हणाला. मग त्याची डिस्क गेली, आणि कागद तर त्यानं आधीच कुठं तरी ठेवून हरवले होते.

"मी सांगीन ती पत्रकं तुमच्या यंत्रातून काढून दाखवा," मामा म्हणाले. "निघाली तर पेट्या तुमच्या. न्हाई निघाली तर चारी पेट्या रद्दीत. रद्दीवाला निदान खोटं तरी बोलत न्हाई."

हे ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचेना. आमच्या स्कॅन फायली एकाच डिस्कवर होत्या, म्हणजे त्या अभ्यासकात आणि माझ्यात फरक काहीच नव्हता. लातूरच्या ऑफिसात एक जुना टेप ड्राइव्ह, म्हणजे कम्प्युटरमधलं फितीवर उतरवून ठेवणारं यंत्र, धूळ खात पडला होता, बंद पडलेल्या कुठल्याशा कामातून आलेला. मी सरांकडे तो मागितला.

"क्लाउडवर टाक की सरळ," सर म्हणाले.

"ही पत्रकं ज्या बड्या लोकांच्या विरोधात छापली, तसल्याच बड्या कंपन्यांच्या गोदामात भाड्यानं ठेवायची? आणि उद्या त्यांनी दार लावलं तर?"

"भाषण पुरे. केबल त्या कपाटात आहे, ती पण ने."

ड्राइव्हमध्ये घालायची टेपची डबी तळहातावर मावते. आत जवळजवळ पाऊण किलोमीटर फीत गुंडाळलेली असते, हे वाचलं तेव्हा मी ती डबी उगाचच कानाशी धरून हलवली. शेतात औत जसं एका टोकाला जातं, वळतं आणि शेजारच्या तासातून परत येतं, तसं हे यंत्र फितीवर लिहितं. तयार सॉफ्टवेअर फुकट मिळत होतं. पण माझी पत्रकं कोण, कुठं, कशी ठेवतंय हे मला वाचता यायला हवं होतं. शिवाय हे यंत्र चालतं कसं याची भूक लागली होती, ते मान्य करते. मी स्वतः लिहायला बसले.

माझी रचना सरळ होती. एक पत्रक घ्यायचं, टेपवर पाठवायचं, त्याच्यामागे संपल्याची खूण लिहायची आणि ड्राइव्हला विचारायचं, पडलं का? हो म्हणाला की पुढचं. लाईट गेली तर फार तर एक पत्रक जाईल. मला ही रचना फार प्रामाणिक वाटत होती.

मामांची पेटी तोवर त्यांच्यासमोर स्कॅन झाली होती. रविवारी सकाळी वाचनालयात ते सुरू केलं. मामा पेटीवर बसले होते. ती पेटी ते तिथं सोडून जातच नसत. ड्राइव्ह गुरगुरला, थांबला, कण्हला, परत गुरगुरला. गर्र, टक, ऊं. गर्र, टक, ऊं. चहा येऊन संपला तरी जेमतेम एक पातळ गठ्ठा पुढे सरकला होता. ड्राइव्हला हात लावला तर तो तापलेला.

"हे काय करून राहिलंय?" मामांनी विचारलं.

"लिहितंय."

"लिहितंय कुठं? पुढं जातंय अन् मागं येतंय. मला ऐकू येऊन राहिलं."

मी कानाची माणूस नाही, स्क्रीनची आहे. स्क्रीनवर सगळं ठीक होतं, एकही चूक नव्हती. पण आवाज खरंच तसा होता. मी मोबाइलवर शोधत बसले आणि सापडलं ते असं, की फीत धावत असतानाच लिहिता येतं आणि धावती फीत जागच्या जागी थांबत नाही. लिहायला काही उरलं नाही की ती थोडी पुढे निघून जाते. मग ड्राइव्हला थांबावं लागतं, मागे यावं लागतं, पुन्हा वेग घ्यावा लागतो आणि आधीचं जिथं संपलं तिथून लिहावं लागतं. मी प्रत्येक पत्रकानंतर "पडलं का" विचारत होते, म्हणजे प्रत्येक पत्रकाला हे सगळं होत होतं. फीत झिजत होती, ड्राइव्हचं लिहिणारं डोकं झिजत होतं. माझ्या काळजीनंच टेप खराब होत होती.

हे मी मामांना सांगितलं तर ते हसायलाच लागले.

"अगं, घंटी मारली म्हणून गाडी तिथंच उभी राहती व्हय? हदगावच्या रोडला पूर्वी हेच. दर शेताच्या बांधावर एक माणूस हात करून उभा. गाडी त्याच्या पुढं जाऊन थांबणार, तो पळत येणार, न्हाई तर ड्रायव्हर मागं घेणार. ड्रायव्हर मलाच शिव्या द्यायचा."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार? सगळ्यांना सांगितलं, फाट्यावर उभं रहायचं. एकदाच थांबीन, सगळ्यांना घेईन. बांधावरचा माणूस मी बघणारच न्हाई."

"आणि फाट्यावर थांबलेल्यांचं काही झालं म्हणजे? गाडी आलीच नाही तर?"

"तर ते फाट्यावरच असतेत की. दुसऱ्या गाडीनं येतेत. माणूस काय हवेत जातो का?"

हे उत्तर मला चार दिवस पुरलं. मला गठ्ठ्याची भीती होती, कारण गठ्ठा गेला की सगळं गेलं असं मी लहानपणापासून धरून चालले होते. पण डिस्कवरची मूळ फाइल मी टेपवर पाठवली म्हणून पुसली थोडीच जात होती? गठ्ठा अर्धा लिहून लाईट गेली तर तो पूर्ण गठ्ठा पुन्हा लिहायचा, बस्स. माणसाच्या हातात पत्रक एकेकच द्यावं लागतं, कारण वाचणारा एकेक असतो. टेप वाचत नाही. तिला फक्त न थांबता धावायचं असतं.

लातूरला मी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर सगळं नव्यानं लिहिलं. आधी शेकडो पत्रकं डिस्कवर एका मोठ्या फायलीत बांधायची. गठ्ठ्याच्या सुरुवातीला आत काय आहे त्याची यादी. मग त्या फायलीतला बराचसा भाग आधीच मेमरीत भरून ठेवायचा आणि तो भरल्यावरच ड्राइव्हला निघ म्हणायचं, म्हणजे मध्ये हात रिकामा पडणार नाही. खूण गठ्ठ्याच्या शेवटी, एकदाच. लिहून झालं की गठ्ठा टेपवरून परत वाचायचा आणि मुळाशी ताडून बघायचा. जुळला तरच त्यातली पत्रकं सुरक्षित समजायची. याद्यांची एक प्रत टेपबाहेर, दुसऱ्या डिस्कवर, आणि एक कागदावर छापून. सर मागून बघत होते. "कागदावर?" "कागदावर," मी म्हणाले. त्यांनी प्रिंटरमध्ये कागद भरून दिला.

पुढच्या रविवारी ड्राइव्ह एकसुरात चालला. मामा कान देऊन ऐकत होते. गठ्ठे लिहून झाले, ताडून झाले. आता त्यांची अट उरली होती. पुढच्या आठवड्यात त्यांचं हैदराबादचं रिझर्वेशन होतं आणि रद्दीवाल्याला त्यांनी शनिवारी या म्हणून सांगून ठेवलं होतं.

"कुठलं काढू, मामा?"

"एक काय काढती. चाकूरची सगळी काढ."

मी चाकूर लिहिलं आणि बटण दाबलं. पहिलं पत्रक आलं. मग ड्राइव्ह लांबवर धावला, बराच वेळ धावला, आणि दुसरं आलं. परत तितकाच उलटा धावला. तिसरं येईना. मामा उठून पेटीपाशी गेले आणि त्यांनी कडीवर हात ठेवला.

"निघतंय का न्हाई?"

"निघतंय. थोडा वेळ लागतोय."

"तो पिशवी नेणारा पण हेच म्हणायचा."

लिहिताना मी इतका विचार केला होता आणि काढतानाचा काहीच केला नव्हता. मग यादीकडे बघितलं आणि कळलं. मी पत्रकं मथळ्यांच्या अकारविल्हे मागत होते. अन्यायाचं पत्रक टेपच्या शेवटी, आवाहनाचं सुरुवातीला, इशाऱ्याचं परत मध्येच. अकारविल्हे ही वाचणाऱ्याची सोय, ती मी फितीवर लादली होती. मी ते बंद केलं.

"मामा, दहा मिनिटं द्या. चूक माझी आहे, टेपची नाही."

"दहा मिनिटं बसतो," ते म्हणाले. बसले नाहीत, उभेच राहिले.

एकच बदल होता: मागितलेली सगळी पत्रकं आधी टेपवरच्या जागेप्रमाणे लावायची, मग निघायचं. पुन्हा बटण दाबलं. या वेळी ती एकामागून एक येत राहिली, वाटेतली सोडत, मागे न फिरता. पेटी स्कॅन करताना मामांनी जशी काढून दिली होती त्याच क्रमानं. खादीच्या रंगाचं एक, गुलाबी, मग एक ज्याचा कोपरा उंदरानं खाल्ला होता. मामांनी पेटीतून तो कोपरा खाल्लेला कागद काढला आणि स्क्रीनशेजारी धरला.

"पाठ दाखव."

मी पाठ दाखवली. त्यांचंच अक्षर होतं. चाकूर, पाऊस, वाटणारी बाई एकटीच. ते बराच वेळ वाचत राहिले, जणू दुसऱ्या कुणी लिहिलं होतं.

"पेट्या उद्या टेम्पोनं पाठवतो," मग ते म्हणाले. "रद्दीवाल्याला मीच सांगतो."

मी खूश व्हायला हवं होतं, पण मला ती टेप त्याच खोलीत, त्याच डिस्कशेजारी ठेवायची लाज वाटत होती. गोदावरीचं पाणी वस्तीत शिरलेलं आम्ही पाहिलंय. खोली गेली तर दोन्ही जातील.

"मामा, दुसरी टेप करते. ती तुम्ही हैदराबादला न्या. मुलीच्या कपाटात एवढीशी जागा असेल ना? उन्हात नको आणि लोहचुंबकाजवळ नको."

"अन् तिथं बघायचं कशात?"

"तिथं नाही बघता येणार. नुसती ठेवायची."

दुसरी टेप तयार झाल्यावर त्यांनी डबी हातात घेऊन उलटीपालटी केली. तिच्यावर माझ्या सॉफ्टवेअरनं दिलेला लांबलचक क्रमांक चिकटवलेला होता.

"हे काय हाय? मी गेल्यावर नातीला ह्यातलं काय कळणार? पहिली हीच फेकतीन ते लोक." त्यांनी खिशातून पेन काढलं, क्रमांकाच्या वर जागा नव्हती म्हणून खाली, बारीक अक्षरात लिहिलं: हदगाव, चाकूर, उदगीर. लोकांची पत्रकं. फेकू नये.

त्या आठवड्यात मी सॉफ्टवेअरमध्ये एक रकाना वाढवला. आत काय आहे ते माणसाला कळेल अशा शब्दांत लिहिल्याशिवाय ते टेप बाहेर सोडत नाही.