मावशींची फुंकर

बाळांना न्हाऊ घालण्यात मावशींचा हात धरणारं त्या वस्तीत कुणी नव्हतं. लांब केलेल्या पायांवर बाळ आडवं घ्यायचं, कोमट तेलाने चोळायचं आणि तोंडाने अखंड बडबड. "रड, रड! आजोबांचाच आवाज घेतलायस. त्यांचं कुणी ऐकत नाही, तुझं तरी ऐकतात." आजोबा बाहेरच्या खोलीत मुकाट्याने वर्तमानपत्र उलटायचे.

बाळ पंच्यात गुंडाळलं, की मावशी त्याच्या कानांत आणि नाकपुड्यांत हलकेच फुंकर मारत. उरलंसुरलं पाणी उडून जातं, असं त्यांना सासूने शिकवलं होतं. रडणारं बाळ दचकून गप्प व्हायचं आणि डोळे मोठ्ठे करून त्यांच्याकडे बघायचं. त्या बघण्यासाठीच मावशी जणू एवढी घरं हिंडत.

यंदा त्यांना आधी सर्दी झाली आणि मग खोकला मागे लागला. एरवी ठणठणीत, पण उबळ आली की थांबायचं नाव नाही. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी, शेवटी श्वास ओढताना घशातून चमत्कारिक आवाज. कधी ओकारीही.

"आई, दवाखान्यात चला ना," सून म्हणाली.

"तुझ्या फोडणीने ठसका लागतो गं मला."

"अजून गॅस पेटवला नाहीये मी."

ताप नाही म्हणजे आजार नाही, असं मावशींचं गणित. निष्काळजी मात्र त्या नव्हत्या. उबळ आली की बाळ आईच्या हातात देऊन अंगणात जात, खोकून घेत, साबणाने खसाखसा हात धुवत आणि परत येऊन काम पुरं करत. फुंकरीसकट.

एका सकाळी शिंपीणबाईंच्या नातीला न्हाऊ घालायला गेल्या, तर दाराला कुलूप. महिन्याच्या पोरीला इस्पितळात नेलंय, असं शेजारणीने सांगितलं. मावशी तशाच तिकडे निघाल्या.

"खोकलीसुद्धा नाही हो," शिंपीणबाई व्हरांड्यात बसून सांगत होत्या. "नुसती निळी पडली. श्वासच घेईना."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "घरात कुणाला खोकला आहे का?"

"छे! शिंकसुद्धा नाही कुणाला."

नेमकी तेव्हाच मावशींना उबळ आली. भिंतीला हात टेकून त्या खोकत राहिल्या आणि शेवटी तो श्वास घशातून वाजला. डॉक्टरीणबाई वळल्या.

"आजी, हा खोकला कधीपासून?"

मावशींना मास्क लावून त्यांनी बाकावर बसवलं. कामाची सगळी रीत विचारली. फुंकरीपाशी मावशी अडखळल्या, पण सांगितली.

"डांग्या खोकल्यासारखं दिसतंय. मोठ्यांना नुसता चिवट खोकला वाटतो, इतक्या लहान बाळाचा मात्र श्वास अडवतो. लशीचा पहिला डोस दीड महिन्याचा असताना देतात. ही तर त्याच्याही आतली."

"म्हणजे माझ्यामुळे?"

"ते तपासणीत कळेल. तुम्ही औषध आत्ताच सुरू करा. पाच दिवसांचा कोर्स पुरा होईपर्यंत कुठल्याही बाळाजवळ जायचं नाही. आणि जिथे जिथे जाता, त्या घरांना आजच कळवा. बरी दिसत असली तरी सगळी बाळं दाखवायला आणू देत. वेळेवर औषध मिळालं तर फार फरक पडतो."

शिंपीणबाई एवढंच म्हणाल्या, "माझ्या लेकीलाही तुम्हीच न्हाऊ घातलं होतंत." चार शिव्या दिल्या असत्या तर मावशींना बरं वाटलं असतं.

"मी फोन करते सगळीकडे," घरी सगळं ऐकून सून म्हणाली. "तुम्ही नका जाऊ. परत उंबरा चढू देणार नाही कुणी."

"नाही दिला तर नाही. फोनवर लोक हो हो म्हणतात आणि दुपारी झोपतात. समोर उभी राहिले तर निघतील तरी."

मास्क बांधून मावशी निघाल्या. प्रत्येक घरी फाटकाबाहेरूनच सांगायच्या. एका घरी आजी कडाडली, "बाळाच्या तोंडावर खोकत होतीस?" आणि दार आपटलं, पण मागोमाग रिक्षाला हाक मारल्याचं ऐकू आलं, तेव्हा मावशी पुढे सरकल्या. दुसऱ्या घरची आई हसली. "एवढ्याशा खोकल्याचं काय घेऊन बसलात, मावशी?" ते हसू मावशींना जास्त लागलं. कालपर्यंत त्यांनी स्वतः तेच म्हटलं असतं. ती चपला घालेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

शेवटचं घर एकट्या राहणाऱ्या जोडप्याचं. त्याला फाटक नव्हतं, म्हणून मावशी पायऱ्यांवरच थांबल्या. नवरा कामावर गेलेला. बाळ दोन महिन्यांचं, पण लस आजउद्या करत राहून गेली होती. मावशींचं ऐकताऐकता त्या पोरीचा चेहरा उतरला.

"कालपासून नाक वाहतंय याचं. दूधही नीट पीत नाहीये."

"मग थांबू नकोस. आत्ता निघ."

ती भांबावली. पिशवी शोधली, किल्ली हातातून पडली. बाळाने किंकाळी फोडली, तशी ती रोजच्या सवयीने पुढे आली आणि बाळ मावशींपुढे धरलं. "एवढं धरा ना जरा, मी कुलूप लावते."

मावशींचे हात आपोआप वर आले. मग त्यांनी ते मागे नेले, एकमेकांत घट्ट अडकवले आणि त्या पायऱ्या उतरून रस्त्यापर्यंत गेल्या.

"खाली ठेव त्याला. सतरंजीवर ठेव, रडू दे," त्या तिथून ओरडल्या. "मी रिक्षा थांबवते."