रविवारी बंद असलेलं दुकान

"एक पण बाटली गेलेली नाय. बाईचं काम आहे हे," काचांवरून पाय उचलत आमचे हवालदार पंचांना म्हणाले. "बाप्या असता तर एक तरी खिशात घातली असती."

पंच हसले. मी पंचनाम्यात 'काहीही चोरीस गेलेले नाही' एवढं वाक्य मुद्दाम घालायला लावलं. पोलीस खातं लवकरच सोडलं मी, पण हे प्रकरण मनातून काही सुटलं नाही.

डोंबिवली एमआयडीसीजवळचं दारूचं दुकान. समोरच्या टॉवरवाल्यांनी मोर्चा काढून ते रविवारी बंद करायला लावलं होतं. मागच्या चाळीतल्या बायकांचे संसार वाचावेत म्हणून, असं फलकांवर होतं. राज्यभर कायदा बदलून रविवारी दारूविक्री बंद करा, हीही मागणी होती. आणि एका शुक्रवारी सकाळी, टेम्पोतून उतरवलेले दारूचे खोके कुणीतरी पेव्हर ब्लॉकने फोडले.

दवाखान्यासमोरच्या टपरीवाल्याने खबर दिली: हाताला टाके घातलेली बाई, साडीला दारूचा वास. मागच्या चाळीतली, टॉवरमध्ये धुणीभांडी करणारी निघाली.

मला आवाज चढवता येत नसे. मी तिच्यासमोर नुसती बसून राहिले. गप्प माणसासमोर लोक जास्त बोलतात.

"मीच फोडले. लिहा," ती शेवटी म्हणाली.

"रविवारी दुकान तुमच्यासाठीच बंद झालं ना?"

"आमच्यासाठी?" ती हसली. "इथल्या कंपन्यांना सुट्टी शुक्रवारची, मॅडम. रविवारी आमचे हे कामावर. घरी असतात टॉवरवाले, त्यांना खाली गर्दी दिसायला नको. शुक्रवारी बंद करा म्हणून सांगायला गेलेली मी. सोसायटीचे सेक्रेटरी बोलले, मावशी, आधी भांडी आटपा."

टाके उजव्या हाताला होते. डाव्यावरचे वळ जुने होते.

आरोपपत्र गेलं. सोसायटीने तिला कामावरून काढलं. गुन्हा कुणी केला ते आम्ही शोधतो. त्याआधी तिचं कुणी ऐकलं नाही, त्याला कलम नाही. माझ्या नोकरीने मला शिकवलं ते एवढंच.

पुढे शांतता समितीच्या बैठकीत तेच सेक्रेटरी म्हणाले, "रविवारचा प्रयोग यशस्वी झालाय. आता कायदाच हवा. मॅडम, तुमचं मत?"

इंग्रजी शाळेतलं माझं मराठी चारचौघांत अडखळायचं, म्हणून मी बैठकांत बोलत नसे. त्या दिवशी अडखळलं नाही.

"त्या बाईला रविवारी कुणी मारतच नव्हतं, सर."