थकव्यासाठी प्रार्थनासभा

तुमच्या काकूला, म्हणजे माझ्या सुनेला, ताप आला तेव्हा गावात निम्म्या घरांत चिकुनगुन्या होता. बाकीचे उठून कामाला लागले. तिचा ताप गेला, पण आंघोळीनंतर वेणी घालायला हात वर होईना. एखाद्या दिवशी बरं वाटलं म्हणून तिने धुणं धुतलं, तर पुढचे कितीतरी दिवस पलंगावर.

राहुरीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. मग सलाईन लावलं, कारण त्याशिवाय आमच्या लोकांना तपासल्यासारखं वाटत नाही. "यांचं मन कशात तरी रमवा," ते मला म्हणाले. विषाणू गेल्यावरही काहींचं अंग महिनोन्‌महिने असं राहतं, हे मी वाचलेलं सांगितलं. ते मोबाईल बघत होते.

तुमचा काका डॉक्टरांचं ऐकून आला आणि हिला काही झालेलंच नाही असं धरून तिला कोल्हारला माहेरी ठेवून यायची भाषा करू लागला. तेवढ्यात चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी तिच्यासाठी आमच्या घरी प्रार्थनासभा ठरवली. आजाऱ्याच्या घरी सभा, आणि पोहे-चहा त्या घरच्या सुनेने करायचा, ही रीत. आजारी सूनच असली तर काय, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही.

"पोहे मी करते," मी म्हणाले.

"आई, तिलाच करू दे. लोकांना दिसू दे," काका म्हणाला.

तिने केले. प्रार्थनेआधीच्या गीताला सगळ्यांबरोबर उभीही राहिली.

"बगा, कशी उबी हाय," पोह्यांनी भरल्या तोंडाने एक म्हणाली. "सोंग हाय सगळं."

"व्हय की. आमी न्हाई का सांदं धरून सोयाबीन काढलं?"

"पोह्यात मीठ कमी हाय, बाई," तिसरी म्हणाली. प्रार्थना हिनेच केली होती, सगळ्यांत लांब.

दुसऱ्या दिवशी काकूला पाण्याचा पेला उचलेना. काकाने तो तिच्या तोंडाला लावला, तेव्हा तिचे दात काठावर वाजत होते. माझ्या सांगण्याने जे पटलं नव्हतं, त्यासाठी त्याला एवढा तमाशा लागला.

पुढच्या आठवड्यात त्याच बायका उपकारस्तुतीला, म्हणजे देवाचे आभार मानायची सभा घ्यायला, आल्या. त्यांच्या मते ती बरी झाली होती. काका दारात आडवा उभा राहिला.

"ती झोपली आहे. सभा तुमच्या घरी घ्या."

"आन् तिला माहेरी कवा धाडतुयास?" सोंग म्हणणारीने विचारलं.

"नाही धाडत," तो म्हणाला, आणि दार लावून घेतलं.