दीड दिवसानंतरचा शंख

मानवजातीच्या आध्यात्मिक ऐक्यावरचं भाषण मी एस्प्लनेडजवळच्या एका थंडगार सभागृहात ऐकलं. समई पेटवायला सात मान्यवर लागले आणि सातही जणांना शाली मिळाल्या. माझ्यासोबत शेजारचे बंगाली दादा होते, बजबजच्या ज्यूट मिलमधून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून ते दुपारपर्यंत अंथरुणातच असत. मीच त्यांना ओढून नेलं होतं. प्रश्नोत्तरांच्या वेळी ते उभे राहिले.

"सकाळी उठायचं कशासाठी, तेवढं सांगा."

वक्ते प्रसन्न हसले आणि बाहेरच्या स्टॉलवरचा आपल्या ग्रंथाचा तिसरा खंड सुचवला.

परतताना टॅक्सीत मला काहीतरी बोलणं भाग होतं. "परवा आमच्याकडे गणपती बसतोय," मी आमच्या नेहमीच्या हिंदीत म्हणालो. "रोज सकाळी सातला आरतीला या."

आमचा गणपती दीड दिवसाचा. 'रोज' म्हणजे जेमतेम दोन सकाळी, हे सांगायचं राहिलं.

ते बायकोचा शंख घेऊन आले. घरात तो तीच वाजवायची. दादांनी कधी ओठाला लावला नव्हता. आमच्या आरतीत झांजा आणि टाळ्या. दादा मात्र प्रत्येक कडव्यानंतर फुंकत, आणि आवाज बिघडलेल्या भोंग्याचा. माझ्या मुलीला आरतीपेक्षा बंगाली चांगलं येतं. ती त्यांना बंगालीत म्हणाली, "काका, गाल फुगवू नका, पोटातून फुंका."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गंगेच्या घाटावर विसर्जन केलं, पाटावर मूठभर वाळू घेऊन परतलो. लिफ्टमधून बाहेर पडताना दादांनी माझ्या बायकोला विचारलं, "बौदी, उद्याही सातलाच ना?"

बौदी म्हणजे वहिनी. ती माझ्याकडे बघत राहिली. मी पाटाकडे.

सकाळी बरोबर सातला बेल वाजली. दादा दारात, दाढी केलेली, हातात शंख. मी वर्तमानपत्रात.

"अहो, बसलात काय? आंघोळ करा."

"अगं, गणपती गेला की काल."

"देव्हारा कुठे गेलाय?"

सणावारापलीकडे त्या देव्हाऱ्याशी माझा संबंध नव्हता. मी उठलो.

त्याला आता वर्ष होईल. ऐक्याचं काय झालं ते सभागृहवाल्यांना ठाऊक. शंखाचा आवाज सुधारलाय. मी अजून तिसऱ्या कडव्याला अडतो. तेव्हा आठवेपर्यंत दादा फुंकत राहतात.